वऱ्हाडाची दोन वळणे : मराठी गद्याचा उदय आणि देवगिरीचा पाडाव

अकोल्याच्या दक्षिणेस, जिथे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन संपून अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ सुरू होतो, तिथे पातूर वसले आहे. वऱ्हाडाचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. गाविलगड आणि अजिंठा या दोन डोंगररांगांमधला सखल मुलूख म्हणजे पयनघाट, आणि त्याच्या दक्षिणेचा वाशीम, मेहकर, लोणारकडचा उंच पठारी मुलूख म्हणजे बालाघाट. या दोहोंना जोडणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक वाट पातूरच्या घाटातून वर चढते आणि मालेगावमार्गे वाशीमला पोहोचते. अशा वाटांवरून धान्य आणि मीठ गेले, यात्रेकरू आणि भिक्षू गेले, वेळ आली तेव्हा घोडदळही गेले. वऱ्हाडाच्या इतिहासातली मोठी स्थित्यंतरे समजून घ्यायची असतील, तर या प्रदेशाची ही ठेवण आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्या मधोमध असलेला हा मुलूख कोणत्याही काळी एकटा, आपल्यापुरता राहू शकला नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशाने अशी दोन स्थित्यंतरे एकामागून एक अनुभवली. पहिले वाङ्मयातले होते. आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपूर या गावी मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, आकारास आला. दुसरे राजकारणातले होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचलपूरवरून देवगिरीवर चालून गेला आणि पुढच्या बावीस वर्षांत यादवांचे राज्य नाहीसे झाले. या दोन्ही घटनांचा उलगडा बहुधा एकेका कारणाने केला जातो. ग्रंथाचे श्रेय एका गुरूच्या अलौकिकत्वाला दिले जाते आणि राज्य बुडाल्याचा दोष एखाद्या मंत्र्याच्या, राजाच्या किंवा किल्ल्यावर चढवलेल्या मिठाच्या गोण्यांच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ साचत आलेली परिस्थिती आणि तिला वाट करून देणारा प्रसंग असे दोन वेगळे थर आहेत. ते वेगळे करून पाहिले, तरच हे वळण तेव्हाच आणि तिथेच का आले, हे कळते.

पहिला थर बराच जुना आहे. पातूरलगतच्या टेकडीत खडक कोरून केलेली लेणी आहेत आणि वर वाशीमला, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माला, चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम येथे मिळालेला ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र, भाषेच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात दिली आहे, पण दानाचा प्रत्यक्ष व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. याच शाखेच्या संस्थापकाने, सर्वसेनाने, ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले होते, आणि पुढे वैदर्भी ही काव्यशैली विदर्भाच्या नावाने सबंध भारतात ओळखली गेली. लोकांच्या बोलीजवळच्या भाषेला व्यवहारात आणि साहित्यात मान देण्याची परंपरा या मातीत मराठीच्या आधीपासून होती, एवढा निष्कर्ष यातून निश्चित निघतो. मात्र ही परंपरा ‘लीळाचरित्रा’चे थेट कारण ठरत नाही, कारण मध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे. तिने जमीन तयार ठेवली, पेरणीसाठी वेगळी कारणे घडावी लागली.

ती कारणे यादवकाळात जुळून आली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली आणि त्याचा नातू सिंघण याच्या दीर्घ कारकिर्दीत यादवांचे राज्य नर्मदेपासून कृष्णेच्याही पलीकडे पोहोचले. वऱ्हाड हा या राज्याचा संपन्न भाग होता. पातूरच्या शेजारच्या बार्शीटाकळीत शके १०९८ चा, म्हणजे बाराव्या शतकातला, शिलालेख असलेले कोरीव मंदिर आहे, लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर आहे, आणि सिंघणाचा प्रसिद्ध सेनापती खोलेश्वर हा मूळचा विदर्भातला असून अमरावतीजवळचे खोलापूर त्याच्या नावाशी जोडले जाते. एकाच मराठीभाषक घराण्याच्या अमलाखाली पैठण, देवगिरी, नाशिक, पंढरपूर आणि अचलपूर हे टापू आल्यामुळे माणसांची ये-जा वाढली, निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या लोकांना परस्परांशी बोलता येईल अशी समाईक मराठी रुळत गेली आणि शिलालेखांतही मराठीचा वापर वाढला. राजकीय स्थैर्य हे मराठी गद्याच्या उदयाचे एक दूरचे कारण होते, ते या अर्थाने.

पण दरबाराने या गद्याला आश्रय दिला होता, असे मात्र म्हणता येत नाही. यादवांच्या दरबारातली विद्या प्रामुख्याने संस्कृतातली होती. सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, वऱ्हाडातल्याच बोपदेवाने ‘मुग्धबोध’ हे संस्कृतचे व्याकरण रचले आणि महादेव यादवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख अधिकारी, असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड धर्मशास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला. व्रते, दाने, तीर्थे यांचे तपशीलवार विधान करणारा हा ग्रंथ त्या काळच्या प्रतिष्ठित धर्माचे चित्र उभे करतो. हा धर्म विधींचा होता, विधी पार पाडण्यासाठी द्रव्य लागे आणि विधी सांगण्यासाठी संस्कृत जाणणारा पुरोहित लागे. स्त्रिया, शूद्र आणि त्यांच्याही पलीकडे ढकललेल्या जाती यांना या व्यवस्थेत दान देण्याचा आणि व्रत करण्याचा वाटा होता, पण मोक्षाचे ज्ञान स्वतः समजून घेण्याचा नव्हता. बाराव्या शतकात कर्नाटकात बसवेश्वरांच्या चळवळीने या उणिवेला वचनांतून, म्हणजे कन्नड गद्यसदृश रचनांतून, उत्तर दिले होते, आणि महाराष्ट्रात नाथपंथाने जातीपलीकडच्या गुरुशिष्य परंपरेची ओळख करून दिली होती. ही मागणी तयार होती आणि तिला आपल्या भाषेत बोलणारा गुरू हवा होता.

तो गुरू गुजरातमधून आला, ही गोष्ट कारणमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर हे पंथाच्या परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. ते रिद्धपूरला आले आणि तिथे गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञानाचा लाभ झाला. रिद्धपूरजवळच्या काटसुरे गावी जन्मलेले गोविंदप्रभू वेड्यासारखे वागत गावात हिंडत, कोणत्याही जातीच्या घरी जात आणि लोक त्यांना ‘राउळ’ म्हणून मान देत. चक्रधरांनी पुढे वऱ्हाड, मराठवाडा आणि गोदाकाठ पायी हिंडून पैठण परिसरात आपला परिवार जमवला. त्यांचे निरूपण मराठीत होते आणि श्रोत्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. बाइसा, आउसा, महदाइसा यांच्यासारख्या स्त्रिया प्रश्न विचारत, शंका काढत आणि उत्तर समजेपर्यंत थांबत. चक्रधरांनी शिष्यांना कानडी आणि तेलुगू मुलखात जाण्यास मनाई केली होती, त्यामुळे पंथाचा वावर आणि त्याची भाषा मराठी प्रदेशाशी घट्ट बांधली गेली. परकी मातृभाषा असलेल्या माणसाने मराठीचा असा आग्रह धरला, याचे स्पष्टीकरण त्याच्या श्रोत्यांतच सापडते. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते, त्यांना दुसरी भाषा येत नव्हती.

तरीही या निरूपणाचा ग्रंथ लगेच झाला नाही, आणि गुरू डोळ्यांसमोर असेपर्यंत त्याची गरजही नव्हती. तात्कालिक कारण घडले ते चक्रधर शिष्यांतून निघून गेल्यावर. हा प्रसंग साधारणपणे १२७४ च्या आसपासचा मानतात. महानुभाव परंपरा त्यामागे हेमाद्री आणि महदाश्रम यांसारख्या विरोधकांनी चक्रधरांशी धरलेल्या वैराकडे बोट दाखवते, राजपुरुषांनी चक्रधरांचा छळ केल्याचे सांगते आणि त्यानंतर ते उत्तरापंथास, म्हणजे उत्तरेकडे गेले, असे मानते. परिवार पोरका झाला आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आला. आचार्यपद नागदेवांकडे, म्हणजे भटोबासांकडे आले. या विरहाच्या वातावरणात सराळ्याचे म्हाइंभट, जे मुळात वादात कोणाला न हार जाणारे संस्कृत पंडित होते आणि चक्रधरांशी वाद करताना त्यांचे शिष्य झाले होते, त्यांनी गुरूच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ‘लीळाचरित्रा’चा लेखनकाळ सामान्यतः १२७८ च्या सुमारास मानला जातो.

म्हाइंभटांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक प्रसंग, म्हणजे ‘लीळा’, ज्याने प्रत्यक्ष पाहिला त्याच्याकडून ऐकायचा, तो कोठे घडला ते गावाच्या आणि देवळाच्या नावानिशी नोंदायचे, तेथे कोण होते ते सांगायचे, आणि रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी बसून भटोबासांकडून त्याची शहानिशा करून घ्यायची, असा हा क्रम होता. त्यामुळे या ग्रंथात सिद्धान्तांच्या जोडीने भिक्षेत काय मिळाले, कोण कोणावर रुसले, थंडीत कोणते वस्त्र पांघरले, कोणत्या प्रश्नावर गुरू हसले, अशा बारीकसारीक गोष्टी येतात आणि संवाद बोलणाऱ्याच्या तोंडच्या वळणाने येतात. एकाकी भ्रमणाचा ‘एकांक’, परिवार जमल्यावरचा ‘पूर्वार्ध’ आणि अखेरच्या काळाचा ‘उत्तरार्ध’ अशी त्याची काळानुसार विभागणी आहे. पुढच्या पिढ्यांनी प्रती करताना एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ सांगणाऱ्याच्या नावासह जपले, म्हणजे साक्षीदारांतला मतभेद लपवला नाही. चरित्र गद्यातच का लिहिले गेले, याचे उत्तर या पद्धतीत आहे. छंदासाठी शब्द फिरवावे लागले असते, तर गुरूच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा राखण्याचा हेतूच फसला असता. श्रद्धेने मागितलेल्या अचूकपणातून मराठीला पहिले समर्थ गद्य मिळाले.

भाषेच्या निवडीवरचा शेवटचा शिक्का भटोबासांनी उठवला. केशिराजबास यांच्यासारखे शिष्य संस्कृतात लिहू शकत होते आणि लिहू पाहत होते, तेव्हा तसे झाल्यास पंथातल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, या कारणासाठी भटोबासांनी त्यांना अडवले, असे ‘स्मृतिस्थळ’ हा भटोबासांच्या आठवणींचा ग्रंथ सांगतो. पुढे केशिराजांनी चक्रधरांची वचने ‘सूत्रपाठ’ म्हणून आणि त्यांनी दिलेले दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठ’ म्हणून मराठीत संकलित केले, म्हाइंभटांनीच गोविंदप्रभूंचे चरित्र लिहिले, महदाइसेने ‘धवळे’ रचले आणि १२९२ मध्ये नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. या काव्याचे कर्तृत्व आपल्या नावे करावे अशी इच्छा देवगिरीचा राजा रामचंद्र यादव याने व्यक्त केली आणि कवीने ती नाकारली, अशी पंथाची आठवण आहे. तिच्यातला तपशील कसाही असो, राजाश्रयाविषयीची या लेखकांची भूमिका तिच्यात उमटली आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच दशकांत घडलेल्या गोष्टींशी तुलना केली, तर वऱ्हाडातल्या कारणांचे वेगळेपण उठून दिसते. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२५२ ते १२८४ या आपल्या कारकिर्दीत कायदे, इतिहास आणि ज्योतिष यांचे ग्रंथ लॅटिनऐवजी लोकभाषेत लिहवून घेतले, म्हणजे तिथे गद्य राजाच्या कचेरीतून वाढले. इटलीत दान्तेने १३०३ ते १३०५ च्या सुमारास लोकभाषेचे समर्थन केले, पण ते लॅटिनमध्ये, विद्वानांना उद्देशून. वऱ्हाडात लोकभाषेच्या गद्यामागे राजा नव्हता आणि विद्वानांची मान्यताही नव्हती. भिक्षा मागून राहणारा एक छोटा परिवार आणि त्यातल्या स्त्रियांचा समजून घेण्याचा हक्क एवढेच त्याचे भांडवल होते. हे या गद्याचे सामर्थ्य होते, आणि पुढे त्याचा दुबळेपणाही तोच ठरला, कारण पाठीशी संस्था किंवा सत्ता नसलेले वाङ्मय आपत्तीच्या वेळी फक्त माणसांच्या स्मरणावर अवलंबून राहते.

ती आपत्ती उत्तरेकडून आली. १२९६ च्या सुरुवातीला कडा येथील सुभेदार अलाउद्दीन, जो दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याचा पुतण्या आणि जावई होता, सुमारे आठ हजार घोडेस्वार घेऊन निघाला आणि विंध्य ओलांडून अचलपूरला पोहोचला. आपण सुलतानावर रुसून दक्षिणेत राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललो आहोत, अशी हूल त्याने उठवली होती, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. अचलपूरहून पयनघाट ओलांडून तो डोंगर चढला आणि देवगिरीच्या वाटेवरच्या लाजौऱ्याच्या घाटात त्याला अडवले गेले. तिथे कान्हा नावाच्या अधिकाऱ्याबरोबर दोन शूर स्त्रियांनीही लढा दिला, अशी नोंद चौदाव्या शतकातल्या इसामीने केली आहे. हा प्रतिकार मोडल्यावर देवगिरीपर्यंत वाट मोकळी होती.

रामचंद्र यादवाजवळ त्या वेळी पुरेसे सैन्य नव्हते, कारण त्याचा मोठा भाग युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेला होता. राजा किल्ल्यात शिरला. फिरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्याच्या समजून घाईने गडावर नेण्यात आल्या आणि त्या मिठाच्या निघाल्या. शंकरदेव परतला तेव्हा त्याने वडिलांनी दरम्यान केलेला तह बाजूला ठेवून लढाई दिली आणि ती जिंकण्याच्या बेतात असताना वेढ्यावरची अलाउद्दीनची तुकडी धूळ उडवत आली. ती दिल्लीची मोठी फौज आहे असे समजून यादवांच्या सैन्याचा धीर सुटला. शेवटी मोठी खंडणी आणि अचलपूर प्रांताचे वार्षिक उत्पन्न देण्याचे ठरले. फिरिश्त्याने हे तीनशे वर्षांनंतर लिहिले असल्यामुळे त्यातल्या गोण्या आणि धूळ यांवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न आहेच. पण त्या खऱ्या धरल्या, तरी त्यांनी फक्त एका वेढ्याचा निकाल लागतो. एक राज्य आठ हजार स्वारांसमोर इतके उघडे का पडले, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

ते उत्तर यादवांच्या शंभर वर्षांच्या धोरणात शोधावे लागते. या काळात यादवांच्या मोहिमा प्रामुख्याने दक्षिणेस होयसळांवर, पूर्वेस काकतीयांवर, पश्चिमेस कोल्हापूर आणि कोकणच्या शिलाहारांवर, आणि उत्तरेस गुजरात व माळव्यावर झाल्या. माळव्याच्या परमारांशी झालेल्या लढायांत यादवांना यश मिळाले, पण दिल्ली आणि वऱ्हाड यांच्यामधली जी सत्ता आडोसा ठरली असती, ती या लढायांनी आणि दिल्लीच्या स्वाऱ्यांनी मिळून खिळखिळी केली. १२९६ च्या तीन-चार वर्षे आधी अलाउद्दीनने माळव्यातले भिलसा लुटले होते आणि देवगिरीच्या संपत्तीची बातमी त्याला तिथेच लागली होती. धोक्याची ही सूचना देवगिरीला मिळाली नाही किंवा तिचा अर्थ कळला नाही. सातपुड्याच्या पलीकडून मोठे घोडदळ वेगाने येऊ शकते, हा अनुभवच नसल्यामुळे अचलपूरच्या बाजूला सीमेची भक्कम व्यवस्था उभी राहिली नव्हती.

दुसरे कारण दिल्लीच्या गरजांत होते. अलाउद्दीनला गादी बळकावायची होती आणि त्यासाठी सरदार व सैन्य विकत घेण्याइतके द्रव्य हवे होते. देवगिरीच्या लुटीने ते मिळाले आणि जुलै १२९६ मध्ये चुलत्याचा खून करवून तो सुलतान झाला. पुढे १२९९ आणि १३०३ मध्ये मोंगोल फौजा दिल्लीच्या वेशीपर्यंत आल्या. त्यांना तोंड देण्यासाठी मोठे कायमचे सैन्य पोसायचे तर दक्षिणेच्या खंडणीवाचून चालणार नव्हते. म्हणून देवगिरीहून येणारी खंडणी थांबताच १३०७ च्या सुमारास सेनापती मलिक काफूर पाठवला गेला. रामचंद्राला दिल्लीला नेऊन ‘राय-इ-रायान’ हा किताब देऊन परत पाठवण्यात आले आणि त्यानंतर देवगिरी हे वारंगळ आणि द्वारसमुद्राकडे जाणाऱ्या फौजांचे ठाणे बनले. रामचंद्रानंतर शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि तो मारला गेला, आणि १३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपाळदेव याला ठार करून दिल्लीचा सुलतान मुबारक खिलजी याने राज्य खालसा केले. मध्य आशियातल्या मोंगोल हालचालींचा ताण दिल्लीवर, दिल्लीचा ताण देवगिरीवर आणि देवगिरीचा ताण पयनघाटातल्या गावांवर असा हा क्रम आहे. फितुरीच्या किंवा गाफिलपणाच्या कथेत तो मावत नाही.

या दोन वळणांची गाठ पडली ती फौजांच्या याच धामधुमीत. महानुभाव परंपरा जिला ‘खालशाची धाड’ म्हणते, तिच्यात ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नाहीशी झाली. ज्यांना ग्रंथ पाठ होता किंवा ज्यांनी तो पूर्वी ऐकला होता, त्यांनी तो पुन्हा सिद्ध केला आणि म्हणूनच आज त्याचे एकाहून अधिक पाठ आढळतात. पुढच्या काळात पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते आणि त्याची किल्ली माहीत असल्याखेरीज पोथी वाचता येत नाही. या गुप्ततेलाही एकच कारण देणे बरोबर होणार नाही. परचक्राची भीती होती, वैदिक धर्माच्या अभिमान्यांचा विरोध होता, पंथात निर्माण झालेल्या निरनिराळ्या आम्नायांची, म्हणजे गुरुपरंपरांची, आपापला वारसा राखण्याची धडपड होती आणि अनधिकारी माणसाच्या हाती गुरुवचन पडू नये ही श्रद्धाही होती. परिणाम मात्र एकच झाला. सर्वांना कळावे म्हणून जन्मलेले गद्य मोजक्या लोकांच्या पेटीत बंद झाले. आपल्या वृद्ध शिष्यांना ज्ञान मिळावे म्हणून भटोबासांनी जो दरवाजा उघडला होता, तो पंथाबाहेरच्या मराठी माणसासाठी लागला.

मराठी वाङ्मयाचा पुढचा ओघ यामुळे बदलला. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका ओवीत सांगितली होती. ओवी आणि अभंग यांना पोथीपेटीची गरज नव्हती. ते गळ्यातून गळ्यात गेले, पंढरीच्या वाटेवर गायले गेले आणि राजवटी बदलल्या तरी टिकले. पद्याला समाजाचा खुला आधार मिळाला आणि गद्याचा पहिला प्रवाह भूमिगत झाला. त्यामुळे पुढची काही शतके मराठीचे मुख्य वाङ्मय पद्यात राहिले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत बखरींचे गद्य लिहिले गेले तेव्हा त्या लेखकांसमोर म्हाइंभटांचा नमुना नव्हता. वळण घेतलेल्या इतिहासाचे मोल मोजताना न घडलेल्या गोष्टीही मोजाव्या लागतात, त्या अशा ठिकाणी.

गुप्ततेने एक मोठा लाभही दिला, हे तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. बंद पेटीतल्या पोथ्यांवर काळाचा हात कमी फिरला. मोगलकाळात पंथाचे अनुयायी पंजाब आणि काबूलपर्यंत गेले, तिथे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत, आणि मराठी न बोलणाऱ्या त्या मुलखातही मराठी पोथ्या श्रद्धेने वाचल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी सांकेतिक लिप्यांचा उलगडा करून हे भांडार अभ्यासकांसमोर आणले. नागपूरचे ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे संपादन केले, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्यभराच्या अभ्यासानंतर १९७८ मध्ये ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. मराठी गद्याचा आरंभ बखरींपासून किंवा इंग्रजी अमदानीपासून मानणारी समजूत या वऱ्हाडी आणि नागपुरी अभ्यासकांच्या कष्टाने मागे पडली. २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्याचा पाया या कामात आहे.

देवगिरीच्या पाडावानंतर पातूरचा परिसरही नव्या व्यवस्थेत गेला. बहमनी राज्याच्या चार मूळ प्रांतांपैकी वऱ्हाड एक झाले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीकडून आलेले म्हणून सांगितले जाणारे सूफी संत शेख अब्दुल अजीज, म्हणजे शहाबाबू, यांचा दर्गा पातुरात उभा राहिला आणि गावाला ‘पातूर शेख बाबू’ हे नाव मिळाले. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी अब्दुल रहीम खानखाना या मोगल सरदाराने, जो हिंदीचा थोर कवीही होता, या दर्ग्याच्या दरवाजाचे काम करवले. ज्या दिशेने लुटीसाठी फौज आली, त्याच दिशेने नंतर संत आणि कवी आले. एका राजवटीच्या अंताने या प्रदेशातली भाषा, श्रद्धा किंवा लोकजीवन संपले नाही, त्यांची जुळणी बदलली. राज्याच्या अंताला संस्कृतीचा अंत समजणे ही कारणमीमांसेतली नेहमीची चूक येथे टाळता येते, ती पातूरसारख्या गावांच्या पुराव्यावर.

या सगळ्या विवेचनातून वऱ्हाडाच्या इतिहासाविषयी एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. चक्रधरांचे जाणे किंवा अलाउद्दीनचे येणे हे प्रसंग टळले असते, तर ग्रंथ त्या वर्षी लिहिला गेला नसता आणि राज्य त्या वर्षी वाकले नसते. पण लोकभाषेतल्या ज्ञानाची मागणी आणि उत्तर सीमेवरचे उघडेपण ही दोन्ही तशीच राहिली असती आणि त्यांनी दुसरे निमित्त शोधले असते. व्यक्तीचे मोल यामुळे कमी होत नाही. म्हाइंभटांसारखा काटेकोर माणूस नसता तर ती मागणी कदाचित विस्कळीत आठवणींतच विरून गेली असती, आणि भटोबासांनी संस्कृताला नकार दिला नसता तर मराठीचा पहिला गद्यग्रंथ दुसऱ्याच भाषेत लिहिला गेला असता. परिस्थिती संधी तयार करते आणि माणसे ती पेलतात किंवा दवडतात. देवगिरीच्या दरबाराने भिलशाची सूचना दवडली आणि रिद्धपूरच्या भिक्षूंनी आपल्या दुःखातून आलेली संधी पेलली. राजवाडे बांधणाऱ्यांचे राज्य बावीस वर्षांत गेले. झाडाखाली निजणाऱ्यांनी वृद्ध स्त्रियांसाठी राखलेली भाषा साडेसातशे वर्षांनंतरही वाचता येते, आणि मराठीच्या अभ्यासकाला आपल्या गद्याचा आरंभ शोधताना वऱ्हाडाच्याच वाटेने जावे लागते.